आम्ही दोघं, कार्यक्रम छान झाला

आता हे कोणत्या तोंडानं सांगू तेच कळून राह्यलं न्हाई. पण चहा समोर आला आहे आणि विषय तुम्हीच काढला आहे, तर सांगून टाकतो. तुम्ही विचारलं, इतकी वर्षं जहाजावर होतास, तर तिथं काम काय करत होतास?

हाच प्रश्न बघा. ह्या एका प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं न्हाई, म्हणून माझी ठरलेली सोयरीक मोडायला आली, बापानं बोलणं टाकलं, आणि माझी माय एका इंग्रज मटण तोडणाऱ्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन बसली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. जालना तेव्हा जिल्हा व्हायचा होता, आमचं राजूर औरंगाबादमध्ये धरायचे. मी जालन्याच्या एका गायन पार्टीत पेटी वाजवायचो. जयंतीला, लग्नाला, कुणाच्या नामकरणाला. दुष्काळात लोकांचे कार्यक्रम बंद पडले, पार्टी फुटली, आणि मी मुंबईला चुलत्याकडं गेलो. चुलता गोदीत होता. त्यानं खटपट करून मला एका परदेशी जहाजावर ताटल्या धुवायला लावून दिलं.

माल नेणारं जहाज न्हाई बरं का. हौसेनं फिरणाऱ्या गोऱ्या लोकांचं. बहुतेक सगळे रिटायर झालेले नवरा-बायको. किनाऱ्याला लागायचं, उतरून फोटो काढायचे, परत चढून जेवायला बसायचं. पोचायची घाई कुणालाच न्हाई. पहिले दोन महिने मला कळलंच न्हाई की हे लोक चालले कुठं. एका गोवेकर स्वयंपाक्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कुठं न्हाई. फिरून परत घरी." मला वाटलं तो मस्करी करून राह्यला.

मंग एका बंदरात जहाजाच्या बँडमधला अकॉर्डियनवाला उतरला, तो परत आलाच न्हाई. अकॉर्डियन म्हणजे आपली पेटीच, फक्त छातीला टांगायची आणि दोन्ही हातांनी ताणायची. मी एकदा भांडी घासून झाल्यावर ती उचलली अन् वाजवत बसलो. तिथून आमची साहेबीण चालली होती, मिसेस बार्न्स नावाची. प्रवाशांची करमणूक करायचं सगळं खातं तिच्या हाताखाली. ती थांबली, काहीतरी इंग्रजीत लांबलचक बोलली. मला त्यातलं फक्त "स्माइल" कळलं, म्हणून मी हसलो. दुसऱ्या दिवशी मला पांढरी पँट आणि पट्ट्यापट्ट्याचा कोट मिळाला. मी एन्टरटेनमेंट स्टाफ झालो.

आता त्या कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. सकाळी डेकवर पन्नास-साठ म्हातारी माणसं गोळा व्हायची, त्यांच्यापुढं उभं राहून हात वर, हात खाली करायचं. मंग लांब दांड्यानं लाकडी चकत्या ढकलायचा खेळ असायचा, त्यात कुणाची चकती कुठं गेली ते ओरडून सांगायचं. दुपारी दोरीच्या रिंगा खुंट्यावर टाकायच्या. ज्या बाईचा नवरा नाचत न्हाई तिच्यासंगं नाचायचं. आणि हे सगळं करताना दात दिसले पाहिजेत. मिसेस बार्न्सची त्यावर फार बारीक नजर. तोंड मिटलं की लांबून दोन बोटं स्वतःच्या गालांना लावून दाखवायची.

माझं इंग्रजी म्हणाल तर "येस मॅडम" आणि "व्हेरी गुड". समोरचा काय म्हणतो ते कळायच्या आधीच मी "येस मॅडम" म्हणून मोकळा व्हायचो. लोकांना वाटायचं, किती हुशार पोरगा आहे, काही सांगायचं कामच पडत न्हाई.

एके दिवशी मिसेस बार्न्स म्हणाली, "रतन, यू आर द ग्रूम." मी म्हणलो, "येस मॅडम." मला वाटलं रूम झाडायची आहे. तिनं मला काळा सूट दिला, कोटाला फूल लावलं. रूम झाडायला एवढं कशाला, असं मनात आलं, पण त्यांच्यात असेल काही रीत. दुपारच्या चहानंतर डेकवर गेलो, तर खुर्च्या मांडलेल्या, सगळे प्रवासी बसलेले, बँड वाजून राह्यला आणि स्वतः कप्तान साहेब पुस्तक हातात घेऊन उभे. मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. आणि मागून एक सहा फुटी नवरी आली. पांढरा झगा, तोंडावर जाळी, हातात फुलं. तिनं माझा हात असा धरला की माझी बोटं मोजून पाच आहेत का हे नंतर बघावं लागलं.

मी घाबरलो. कारण जहाजाच्या कप्तानाला लग्न लावायचा अधिकार असतो, हे मी ऐकलं होतं. कप्तानानं पुस्तकातून वाचलं, मला काहीतरी विचारलं. सगळे माझ्याकडं बघून राह्यले. मी काय म्हणणार? "येस मॅडम" म्हणलो. कप्तानाला. सगळं डेक हसून लोळायला लागलं. वरून तांदूळ पडले. तांदूळ बघून तर माझी खात्रीच पटली की आपलं लग्न लागलं.

जाळी वर केली तेव्हा आत टॉम निघाला. टॉम म्हणजे भटारखान्यात मटण तोडायला होता तो. गालाला लाली लावलेली, खाली दाढीचे खुंट. तो सगळा प्रकार लोकांना हसवायला केलेला होता, हे मला तेव्हा समजलं. तरीसुद्धा मनाची शांती व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी भटारखान्यात जाऊन विचारलं, "टॉम, नॉट रियल?" तो हातातला सुरा खाली ठेवून इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं.

म्हणजे बघा, मी स्वतः तिथं उभा असून मला कळलं नव्हतं. तर राजूरच्या माणसांना मी काय दोष देऊ?

जहाजावरच्या फोटोग्राफरनं त्या लग्नाचा फोटो काढला होता, जाळी वर करायच्या आधीचा. मी सुटात, शेजारी टॉम, वर फुलांची कमान. सूट घातलेला माझा तो पहिला फोटो. म्हणलं घरी पाठवू, बा खुश होईल. पुढच्या बंदरात पाकीट घेतलं. जहाज सुटायची वेळ झालेली, पत्र लिहायला सवड न्हाई, म्हणून फोटोच्या मागं फक्त एवढं लिहिलं: "आम्ही दोघं. कार्यक्रम छान झाला. सविस्तर पत्र मागून."

सविस्तर पत्र मी मागून लिहिलं. टॉमचं सगळं लिहिलं, कामाचं लिहिलं, आणि हेही लिहिलं की बँडमधल्या एका म्हाताऱ्या इटालियन माणसाकडून मी त्याची जुनी अकॉर्डियन घेतली आहे, सुट्टीवर येताना ती घेऊन येतो. दोन-तीन महिन्यांनी सुट्टी मिळाली, येण्याची तारीख मुंबईच्या चुलत्यानं घरी कळवली, मुंबईला उतरलो, मनमाडला गाडी बदलून छोट्या लाईनीनं जालन्याला आलो. डोक्यात हेच की घरी सगळ्यांना सगळं माहीत आहे. ते पत्र आजतागायत पोचलेलं न्हाई.

जालन्याच्या स्टँडवर राजूरच्या एस.टी.चा कंडक्टर अकॉर्डियनचं खोकं आत घेईना. म्हणाला टपावर टाक. उन्हाळ्याचे दिवस, टपावर टाकली तर भाता फाटणार. म्हणून मी ती ओळखीच्या कांतीशेठच्या कापडदुकानात ठेवली, उद्या न्यायला येतो म्हणून सांगितलं, आणि नुसती पिशवी घेऊन राजूरला उतरलो.

स्टँडसमोर शेषरावकाकांचं हॉटेल. काका माझ्याकडं बघायच्या ऐवजी माझ्या मागं बघून राह्यले. एस.टी. रिकामी होऊन गेली तरी बघतच होते.

"काय रतन, एकटाच आला?"

"हो काका."

"अन् ती?"

मी म्हणलो, चला, पत्र पोचलेलं आहे. "ती जालन्यात ठिवली."

"जालन्यात? कुणापशी?"

"कांतीशेठच्या दुकानात."

काकांनी कपबशी खाली ठेवली. "अन् तू तसाच निघून आला?"

"काय करू काका? कंडक्टर आत घेईना. म्हणला, एवढं धूड बसणार न्हाई, टपावर टाक. उन्हात टपावर कशी टाकू?"

हॉटेलात सहा-सात जण बसलेले. सगळे चहा प्यायचे थांबले. मला वाटलं, गावाला माझ्या अकॉर्डियनची किती काळजी आहे.

एक म्हातारा म्हणाला, "नवीच असंल ना पण?"

"नवी कुठली आबा. जुनी आहे. एका इटालियन माणसाकडं वीस वर्षं होती. त्याचे हात चालंना झाले, मंग त्यानं मला दिली."

"दिली?" आबा म्हणाले.

"खुशीनं दिली. रडला बिचारा."

शेषरावकाका हळू आवाजात म्हणाले, "बोलती का काही?"

"बोलती म्हणजे काय, सगळं गाव गोळा होईल अशी बोलती. फक्त छातीशी धरून दोन्ही बाजूंनी ताणावं लागतं."

काकांनी माझ्या चहाचे पैसेसुद्धा घेतले न्हाईत. नुसतं म्हणले, "जा घरी. मायला भेट अगोदर."

घरी आलो तर मी क्षणभर दुसऱ्याच्या घरात शिरलो असं वाटलं. भिंतींना चुना मारलेला. मधोमध शाळेतली लाकडी खुर्ची, वर नवा टॉवेल अंथरलेला. कोनाड्यात हिरव्या बांगड्यांची चळत, आणि बांगड्या एवढ्या मोठ्या की माझ्या दंडात चढल्या असत्या. माय दारात उभी. तिनं मला बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि माझ्या मागच्या रिकाम्या अंगणाला म्हणाली, "कम. सीट."

दवाखान्यातल्या नर्सबाईकडून शिकली होती. आठ दिवस पाठ करत होती म्हणे.

मी मागं वळून बघितलं. कुणीच नव्हतं. मी म्हणलो, "माय, कुणाला म्हणून राह्यली?"

"कुठाय रे ती?"

"ती जालन्यात. उद्या आणतो जाऊन."

"परक्याच्या दुकानात ठिवली? एकटीला?"

"तिला काय होतंय माय? वर कापड टाकून आलो चांगलं. शेठला म्हणलं, फक्त उंदरांकडं लक्ष द्या."

माय मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी गोंधळून गेलो. माझ्या मायला संगीताची एवढी आवड कधी लागली?

इतक्यात आतून बा आला. बा रस्त्याच्या कामावर मुकादम होता, शब्द मोजून बोलणारा. त्यानं माझ्यासमोर फोटो धरला. मी सुटात आणि शेजारी टॉम.

"ही जालन्यात आहे?" बा म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एस.टी. स्टँडपासूनचं सगळं बोलणं मागून पुढं आठवलं, आणि मला हसू आवरेना. खुर्ची, बांगड्या, चुना, सगळं टॉमसाठी. मी हसत हसतच म्हणलो, "अहो बा, ही बाई न्हाईच. हा गडी आहे. टॉम."

माझी अपेक्षा अशी की आता सगळे हसतील. कुणी हसलं न्हाई. माय रडायची थांबली.

"गडी आहे," बा म्हणाला.

"हो."

"अन् लगीन लागलं."

"लागलं, पण तसं न्हाई लागलं."

"कुणी लावलं?"

"कप्तानानं. पण बा, ते सगळ्यांच्या समोर, मजेखातर."

"सगळ्यांच्या समोर," बा म्हणाला.

बघा, मी एकेक गोष्ट खरी सांगत होतो आणि एकेक गोष्टीनं आणखी खोल चाललो होतो. मायनं फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं, मनगट एवढं कसं. बांगडीवाल्याला मोठ्यातलं मोठं माप मागितलं, तर त्यानं विचारलं, म्हशीला घालायच्या का." मंग तिनं विचारलं, "मंग तुमच्यात स्वयंपाक कोण करतं?"

"माय, टॉम नुसता मटण तोडतो," मी म्हणलो. हे सांगायची काय गरज होती ते मला अजून कळलेलं न्हाई.

बा उठला. म्हणाला, "वडीगोद्रीचे गुरुजी उद्या सकाळी येणार आहेत. मी त्यांना पोस्टकार्ड टाकलं होतं, की पोरानं तिकडं लगीन केलं, तुमच्या पोरीला मोकळी समजा. आता हे तूच त्यांना सांग. माझ्याच्यानं होणार न्हाई." आणि त्यानंतर रात्रभर बा माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई.

आता मात्र माझं हसू गेलं. वडीगोद्रीच्या साळवे गुरुजींच्या सुमनशी माझा साखरपुडा झालेला होता, जहाजावर जायच्या आधीच. मास्तरकीचं शिकत होती. मी तिला एकदाच बघितलं होतं, तेही ती चहाचा ट्रे घेऊन आली तेवढा वेळ. पण जहाजावर पन्नास म्हाताऱ्यांपुढं हात वर-खाली करताना मनात तीच असायची. आणि साखरपुड्यात गुरुजींनी "तिकडं काम काय करणार" असं विचारलं, तेव्हा मी छाती काढून म्हणलो होतो, "ऑफिसर लोकांसोबत." ताटल्या ऑफिसर लोकांच्याच धुणार होतो, खोटं काहीच नव्हतं.

सकाळी पहिल्या गाडीनं गुरुजी आले. पांढरं धोतर, काळी टोपी, बगलेत छत्री. मागं सुमन. तिला बरोबर आणतील असं वाटलं नव्हतं. तिच्या हातात कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत आम्ही साखरपुड्यात दिलेली साडी. गुरुजींनी जयभीम घातला, अंगणात आणून ठेवलेल्या शाळेच्या त्या खुर्चीवर बसले, साडी बाहेर काढून बाजेवर ठेवली. अंगणात गल्लीतली पंधरा-वीस माणसं आपोआप गोळा झाली. कोपऱ्यात माझी आत्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिला कमी ऐकू येतं.

गुरुजी म्हणाले, "रतनराव, साडी द्यायला आलो. भांडण करायला न्हाई. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

मी उभा राह्यलो. वर्गात उभं केल्यासारखा. "गुरुजी, ते मॉक वेडिंग होतं."

"मॉक म्हंजे?"

"खोटं."

"म्हंजे खोटं लग्न लावून त्या बाईला फसवलं."

"न्हाई गुरुजी, सगळ्यांना ठाऊक होतं. पॅसेंजरांनीच टाळ्या वाजवल्या."

"फसवताना टाळ्या वाजवल्या?"

"आणि ती बाई न्हाई, गडी होता."

गुरुजींनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. बा भिंतीकडं तोंड करून बसला. मी घाईघाईनं म्हणलो, "माझी ड्यूटीच आहे ती गुरुजी. मी एन्टरटेनमेंट स्टाफमध्ये आहे."

"म्हंजे काय करता?"

"पॅसेंजरांना खुश ठेवायचं. ज्यांचे नवरे नाचत न्हाईत त्या बायकांसंगं नाचायचं."

हे सांगितल्यावर अंगणातल्या दोन बाया आपापल्या पोरींना घेऊन उठून गेल्या. मी घामानं भिजलो. मी आणखी इंग्रजी शब्द काढत होतो, प्रोग्राम, आयटम, फॅन्सी ड्रेस, आणि प्रत्येक शब्दागणिक गुरुजींचा चेहरा आणखी लांब होत होता. सुमन मात्र खाली न बघता सरळ माझ्याकडं बघून राह्यली होती. मला तेच जास्त जड जात होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आत्या जोरानं म्हणाली, "काय झालंय काय एवढं?"

माय तिच्या कानाशी जाऊन ओरडली, "रतननं एका गड्याला साडी नेसवून लगीन लावलं, लोकांपुढं, जहाजावर."

आत्यानं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मंग सोंग केलं म्हणा की. जत्रंत करतेत तसं."

सगळ्या अंगणात "हां" असा एक लांब आवाज झाला. बा भिंतीकडून इकडं वळला. "सोंग होय," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे एकदम खाली आले. हा शब्द मला दोन वर्षं रोज हवा होता, आणि तो मला आठवला न्हाई. लहानपणापासून डोळ्यांनी सोंगं बघत आलो, गड्यांना झगे-लुगडी घातलेलं बघत आलो. समुद्रावर गेल्यावर माझ्या डोक्यात त्यांचं काहीतरी फार मोठं, इंग्रजी असेल असं बसलं होतं.

गुरुजींनी टोपी परत घातली. पण त्यांचा प्रश्न संपला नव्हता. "म्हंजे रतनराव, तुम्ही तिकडं ऑफिसर न्हाई. बहुरूपी आहात."

"तसंच म्हणायचं," मी म्हणलो. माझी ती एवढी मोठी नोकरी अंगणात बसल्या बसल्या एवढीशी झाली.

गुरुजी विचारात पडले. गडी खरं बोलून राह्यला का पोरीला गमावू नये म्हणून रातोरात गोष्ट रचली, हे त्यांना कळंना. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही कळलं नसतं. त्यांनी सुमनकडं बघितलं.

सुमन पहिल्यांदा बोलली. "तिथं जे करता ते इथं करून दाखवा."

"काय?"

"लोकांना खुश करता ना? आम्हाला करा."

आता ही वेळ आली. मनात म्हणलं, हे तर बराबर आहे, हे आपलं रोजचं काम. अकॉर्डियन जालन्यात होती, तिचा उपयोग न्हाई. मी अंगणाच्या मधे गेलो. दात काढले. "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग," म्हणलो. मी दोन्ही हात वर केले, खाली केले, वर केले. "सगळे करा माझ्यासोबत," म्हणलो. एका म्हाताऱ्यानं नमस्कार केला. मंग मी अंगणात चकती ढकलायचा खेळ करून दाखवला, बाच्या काठीनं, चकतीच्या जागी भाकरीच्या डब्याचं झाकण घेऊन. झाकण थेट गुरुजींच्या पायावर गेलं. मी "व्हेरी गुड" म्हणून टाळ्या वाजवल्या. कुणी टाळी वाजवली न्हाई. गुरुजी पाय चोळत होते.

मी घाबरून शेवटचा उपाय म्हणून नाचलो. जोडीदारीण नव्हती, म्हणून खुर्चीला टेकवलेली छत्री घेतली, गुरुजींची. तिला धरून जसं जहाजावर फिरतो तसं तीन-चार फेऱ्या फिरलो, तोंडावर सगळे दात. तिथं गोऱ्या बाया ह्याच्यावर खुश व्हायच्या. इथं अंगणात इतकी शांतता की आत्याच्या सुपातला दाणा पडल्याचा आवाज आला. मायनं तोंड झाकलं होतं, पण हसायला न्हाई. बा खाली बघत होता, माणूस पोराची चोरी पकडल्यावर बघतो तसा. तिसऱ्या फेरीला छत्री उघडली आणि मी तिच्यासकट बाजेवर, साडीवर पडलो.

तेव्हासुद्धा कुणी हसलं न्हाई. विश्वास बसतो का? पडल्यावरसुद्धा. शेषरावकाका गर्दीत होते, ते एवढंच म्हणले, "लागलं का रे?"

मी उठलो. गुरुजींना छत्री मिटून दिली. आता काही राह्यलं न्हाई असं समजून मीच ती साडी उचलली, धूळ झटकली आणि मायच्या हातात द्यायला निघालो. तर सुमन पुढं आली आणि माझ्या हातातून साडी घेतली. घडी नीट केली, आपल्या पिशवीत टाकली, आणि गुरुजींना म्हणाली, "बाबा, चला. तारीख बघा आता."

गुरुजी म्हणाले, "अगं पण हे खरं बोलून राह्यले का खोटं, ते तर ठरू दे."

"ठरलं ना," सुमन म्हणाली. "ह्यांना सोंग बिलकुल जमत न्हाई. खोटं बोलले असते तर पहिल्या शब्दाला कळलं असतं."

सगळ्या अंगणात मान हलली. गुरुजींची, बाची, हॉटेलवाल्या काकांची, सगळ्यांची. एकमतानं. इतका वेळ मला ज्या लोकांनी एक टाळी दिली न्हाई, ते आता माझ्याकडं मायेनं बघायला लागले, जसं आजारातून उठलेल्या माणसाकडं बघतात. शेषरावकाकांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मी तिथंच अंगणात उभा होतो, बाजेची काथी सुटलेली ती पायात अडकलेली. माझं लग्न वाचलं होतं आणि दोन वर्षांच्या नोकरीची अब्रू गावापुढं गेली होती. आनंद करायचा का अपमान मानायचा, हे मला ठरवता येईना, म्हणून मी नुसता उभा राह्यलो. जाताना गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणले, "रतनराव, काळजी करू नका. शाळेत शिपायाची जागा निघाली की सांगतो."

लग्न झालं, लेकरं मोठी झाली. मध्यंतरी एकदा सुमन भाजी निवडत बसली होती, तेव्हा धीर करून विचारलं, "त्या दिवशी मी खरंच एवढा वाईट होतो का?"

ती म्हणाली, "वाईट होता म्हणून तर हो म्हणले. थोडं जरी जमलं असतं, तर साडी ठिवून निघून गेले असते."